राघो चितारी आणि त्याचे सोबती



पुण्याच्या शनिवारवाड्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या वाड्यात कोण राहिले, कोणी कोणत्या मसलती केल्या, कोणाचा खून झाला, हे शाळेतील मुलालाही सांगता येते. आज मला वाड्यात राहणाऱ्यांविषयी बोलावयाचे नाही. वाड्याच्या भिंतींविषयी आणि त्या ज्याने रंगवल्या त्या माणसाविषयी बोलावयाचे आहे. वाड्याच्या कामावर नावाजलेल्या कारागिरांची जी नावे इतिहासात आली आहेत ती अशी : शिवराम कृष्ण, देवाजी, कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट, जडावकामात निपुण असा जयपूरचा भोजराज, आणि चितारी राघो. भिंतींवर रामायण-महाभारतातील प्रसंग रंगवलेले होते. राघोच्या वाट्याला इतिहासाच्या पुस्तकात जी जागा आली ती एवढीच : एक नाव आणि एक धंदा.

एवढ्याशा सामग्रीवर व्याख्यान कसले, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, माझी उभी हयात कामगारांच्या संघटनेत गेली आहे. राईस मिलमधील हमाल असो, की घरी बसून बिडी वळणारी बाई असो, वहीत नाव आहे की नाही यावर माणसाचे पोट कसे अवलंबून असते, हे मी रोज पाहत आलो. त्यामुळे इतिहासाचे पुस्तक हाती आले की माझी नजर प्रथम हजेरीपट शोधू लागते. राजाचे नाव सापडते, दिवाणाचे सापडते, खर्चाचा आकडाही सापडतो. काम करणाऱ्याचे नाव शोधताना मात्र पाने उलटावी लागतात. हे असे का होते, आणि सर्वत्र आणि सर्वकाळ असेच होते काय, एवढा एकच प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम वाड्याचा हिशेब पाहू. १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, पहिल्या बाजीरावाने वाड्याचा पाया घातला. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. मूळ वाड्याला १६,११० रुपये खर्च आला, असा आकडा दिला जातो. शेवटच्या दहा रुपयांपर्यंत चोख आकडा आहे! म्हणजे लिहिणारे कारकून होते, मोजणारे फडणीस होते, कागद होता, शाई होती. मराठेशाहीत लिहिण्याची हयगय नव्हती. पेशवे दफ्तरातील मोडी रुमालांचे ढीग त्याची साक्ष देतात. तेव्हा राघोचे उरलेले चरित्र गेले, ते कागदाच्या दुष्काळामुळे गेले, असे म्हणता येत नाही.

त्याचे काम तर त्याच्या चरित्राहून वाईट रीतीने गेले. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला मोठी आग लागली. सागवानी खांब, तुळया, महिरपी, मजले, सारे जळाले. उरला तो दगडी कोट, बुरूज, दरवाजे आणि जोती. दिल्ली दरवाज्यापाशी जुन्या भित्तिचित्रांचे पुसट अवशेष पाहावयास मिळतात. बाकी रामायण-महाभारत राखेत मिळाले. भिंत गेली की भिंतीवरचे चित्र जाते. कापडावरचे चित्र उचलून पळता येते, मूर्ती खांद्यावर घेता येते, पण भिंत पाठीवर घेऊन कोणी पळत नाही. म्हणून जगातील सर्व चित्रकारांत भिंत रंगवणाऱ्याचे नशीब सर्वांत खडतर.

आता एवढ्याच कारणासाठी आपल्याला काही वेळ इटली देशात जावे लागेल. तेथे अशाच एका भिंत रंगवणाऱ्याचे जवळजवळ सर्व काम नष्ट झाले, परंतु त्याचे चरित्र मात्र टिकले. दोघांना शेजारी शेजारी उभे केले म्हणजे फरक कोठे पडला ते दिसेल.

या चित्रकाराचे नाव पोलिदोरो. तो काराव्हाज्जो नावाच्या गावचा, सुमारे १५०० सालचा जन्म. त्याच गावावरून पुढे नाव पडलेला दुसरा एक चित्रकार जगप्रसिद्ध झाला, त्यामुळे हा बिचारा आणखीच मागे पडला. पोलिदोरो पोट भरण्यासाठी रोमला आला तेव्हा पोपच्या राजवाड्यात राफाएल या थोर चित्रकाराच्या देखरेखीखाली सज्जांची सजावट चालू होती. पोलिदोरोला तेथे काम मिळाले ते कालवलेल्या चुन्याची घमेली वाहण्याचे. आपल्या भाषेत सांगायचे तर तो बिगारी होता. घमेले खाली ठेवावे आणि चित्रकारांचे हात कसे चालतात ते पाहत उभे राहावे, असे करीत करीत तो शिकला आणि राफाएलच्या हाताखालील चित्रकारांत त्याची गणना होऊ लागली.

पुढे मातुरिनो नावाच्या फ्लॉरेन्सच्या सोबत्याबरोबर त्याने भागीदारी केली. रोममधील धनवंतांच्या हवेल्यांच्या दर्शनी भिंती हे दोघे रंगवीत. चित्रे बहुधा एकरंगी असत. लांबून पाहणाऱ्याला दगडात कोरल्यासारखी वाटत. प्राचीन रोमचे इतिहास, लढाया, मिरवणुका असे विषय. हवेलीच्या आत कोणाला प्रवेश मिळो न मिळो, बाहेरचे चित्र रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचे होते. १५२७ साली सम्राटाच्या पगार थकलेल्या फौजेने रोम लुटले. मातुरिनो त्या धामधुमीनंतर मेला. पोलिदोरो नेपल्सला आणि तेथून सिसिली बेटावरील मेसिना शहरी गेला. तेथे १५४३ साली त्याच्याच हाताखालच्या माणसाने पैशासाठी त्याचा खून केला.

रोमच्या पावसाने आणि उन्हाने त्या दर्शनी भिंती धुऊन काढल्या. एकदोन हवेल्यांवर काही खुणा उरल्या आहेत, बाकी चित्रे गेली. मग चुना वाहणाऱ्या या पोराची हकीकत आपल्याला कशी कळते? जॉर्जो वासारी नावाचा एक गृहस्थ होता. तो स्वतः भिंती रंगवणारा होता. त्याने इटलीतील चित्रकार, मूर्तिकार आणि वास्तुकार यांच्या चरित्रांचा मोठा ग्रंथ लिहिला. १५५० साली तो प्रथम छापला गेला आणि १५६८ साली वाढवून पुन्हा छापला गेला. त्यात त्याने थोरामोठ्यांबरोबर पोलिदोरो-मातुरिनो यांच्यासारख्यांनाही जागा दिली. शिवाय पुढच्या चित्रकारांनी त्या भिंतींच्या नकला उतरवून घेतल्या, त्यावरून छापे निघाले. भिंत गेली, पण भिंतीची याद राहिली.

इटलीतील या कामाची रीतही पाहण्यासारखी आहे. तिला फ्रेस्को म्हणतात. या शब्दाचा अर्थ ताजे. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी टाकले की तो फसफसून विझतो. हा विझलेला चुना वाळूत कालवून भिंतीला गिलावा करतात आणि गिलावा ओला असतानाच नुसत्या पाण्यात खललेले रंग त्यावर लावतात. डिंक नाही, सरस नाही. वाळता वाळता चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीच्या दगडासारखा होतो. रंग त्या दगडात कायमचा अडकून बसतो.

मात्र गिलावा वाळून गेला की ही किमया संपते. म्हणून सूर्य मावळेपर्यंत जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावावयाचा. या तुकड्याला इटालियन भाषेत जोर्नाता म्हणतात. जोर्नाता म्हणजे एक दिवस, एका दिवसाचे काम. आपल्याकडे रोज म्हणतात तेच. दुसऱ्या दिवशीचा तुकडा आदल्या दिवशीच्या तुकड्याला भिडतो तेथे बारीक सांधा राहतो. भिंतीवर तिरपा उजेड टाकून जाणकार हे सांधे मोजतात आणि अमुक चित्राला किती दिवस लागले ते सांगतात. नंतरच्या तुकड्याची कड आधीच्या तुकड्यावर चढलेली असते, म्हणून कामाचा क्रमही कळतो. चेहऱ्याचे नाजूक काम असेल तर तुकडा लहान, मोकळे आकाश असेल तर तुकडा मोठा. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी कोणत्या दिवशी माणसाने किती काम केले, याचा असा पक्का हजेरीपट दुसऱ्या कोणत्या धंद्यात शिल्लक असेल असे मला वाटत नाही.

परंतु केवळ गिलाव्याने नाव टिकत नाही. तेथे आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे धंद्याची संघटना. फ्लॉरेन्स शहरात प्रत्येक मोठ्या व्यवसायाचा संघ असे. चित्रकार हे वैद्य आणि औषधविक्रेते यांच्या संघात मोडत, कारण रंगाची पूड औषधांच्या दुकानात मिळे. संघाच्या वहीत नाव चढल्याशिवाय धंदा करता येत नसे. गिऱ्हाइकाशी लेखी करार होई. त्यात काम किती, रंग कोणते, मुदत कोणती आणि रक्कम किती हे नमूद असे. १५६३ साली वासारीच्याच पुढाकाराने फ्लॉरेन्समध्ये चित्र-शिल्पकारांची स्वतंत्र अकादमी निघाली. म्हणजे वासारीने चरित्रे लिहिली त्याच्या मागे वह्या होत्या, करार होते, एकमेकांना ओळखणारी बिरादरी होती.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. इटली म्हणजे कष्टकऱ्यांचे नंदनवन होते, असे मला सुचवावयाचे नाही. त्याच फ्लॉरेन्समध्ये लोकर पिंजणाऱ्या आणि धुणाऱ्या मजुरांना संघ काढण्याची बंदी होती. १३७८ साली त्यांनी बंड करून काही आठवडे सत्तेत भाग घेतला आणि पुढे ते मोडून काढण्यात आले. पोलिदोरोचे नाव राहिले ते त्याने घमेले टाकून कुंचला धरला म्हणून. त्याच्याबरोबर चुना वाहणारे जे जन्मभर चुनाच वाहत राहिले, त्यांना वासारीच्या ग्रंथातही जागा नाही. तेव्हा नावाची रेघ इटलीत जरा खाली ओढली होती एवढेच. रेघ तेथेही होतीच.

आता परत आपल्या देशात येऊ. येथे विद्वान मंडळी एक उत्तर नेहमी देतात. ते म्हणतात, भारतीय कलावंत निरहंकारी होता. कला ही ईश्वराची सेवा, म्हणून त्याने आपले नाव लावले नाही. ऐकावयास हे फार गोड वाटते. मीही ते पुष्कळ वर्षे मानीत आलो होतो. पण शिलालेखांची भाषांतरे वाचू लागलो तेव्हा त्यातील फट दिसली.

अजिंठ्याचेच उदाहरण घ्या. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात तेथील पुष्कळशी लेणी झाली. वाकाटक आपल्याला परके नाहीत. त्यांची एक शाखा नागपूरजवळच्या नंदिवर्धनाची आणि दुसरी, हरिषेणाची, वाशीमची. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. २६ व्या लेण्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा लेख आहे. लेणे कोणी करविले, कोणाच्या पुण्यासाठी करविले, करविणाऱ्याचे कूळ कोणते, हे सारे त्यात आहे. ज्याने पद्मपाणीचे अर्धवट मिटलेले डोळे रंगवले त्याचे नाव मात्र नाही. आता मला सांगा, निरहंकार हा जर त्या काळाचा धर्म होता, तर तो मंत्र्याला का लागू झाला नाही? दान देणाऱ्याने नाव कोरावे आणि राबणाऱ्याने मात्र नम्र राहावे, ही वाटणी ईश्वराने केलेली नव्हे.

आणि याहूनही मोठा पुरावा आपल्याच डोंगरांत आहे. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात एका भग्न मूर्तीशेजारी अक्षरे आहेत : कान्ह म्हणजे कृष्ण, त्याचा शिष्य बलक याने हे केले. मराठवाड्यातील पितळखोरे लेण्यात एका यक्षमूर्तीवर लेख आहे की, ती कृष्णदास नावाच्या सोनाराने घडविली. कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे, त्याच्या बापाच्या नावासकट, नाव कोरलेले आहे. हे लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे या महाराष्ट्रात कारागीर आपले नाव, आपल्या गुरूचे नाव, आपला धंदा दगडावर लिहीत होता आणि त्याला कोणी अहंकारी म्हणत नव्हते.

मग त्या काळात असे काय होते? त्या काळात श्रेणी होत्या. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांचा संघ. नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने भिक्षूंच्या खर्चासाठी ३,००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवली. कोठे ठेवली? राजाच्या खजिन्यात नव्हे, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींत. २,००० एका श्रेणीत दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीत दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या संघाकडे विश्वासाने ठेवतो, यावरून त्या संघांची पत केवढी असेल याचा अंदाज करावा. ज्या समाजात विणकरांचा संघ पेढीसारखा चालत होता, त्याच समाजात सुताराचे नाव चैत्याच्या दारावर चढले. या दोन गोष्टींचा संबंध आहे, असे माझे मत आहे. पंडितांनी ते तपासून पाहावे.

मराठेशाहीपर्यंत येईतो ती घडी राहिली नव्हती. गावगाड्यात बारा बलुतेदार होते. सुतार, लोहार, कुंभार यांना गावाकडून ठरलेला हिस्सा मिळे. तो थोडा असला तरी हक्काचा होता, वतनाचा होता. या बारांत चितारी नाही. चित्र ही गावाची गरज नव्हे, वाड्याची हौस. तेव्हा चिताऱ्याचे पोट धन्याच्या मर्जीवर. वाडा उठला की काम, वाडा संपला की पुढचे गाव. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. वाईला रास्त्यांची मोतीबाग आहे. नाशिककडे चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. या सर्वांच्या भिंतींवर चित्रे रंगवली गेली. चुना घाणीत मळावयाचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी असे काही घालावयाचे, भिंत घोटून आरशासारखी करावयाची, आणि त्यावर देव, दरबार, वेलबुट्टी काढावयाची. आपल्याकडे रंग बहुधा वाळलेल्या भिंतीवर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावीत. त्यामुळे इटलीसारखे दिवसादिवसाचे सांधे आपल्या भिंतींवर पडले नाहीत. आपल्या भिंतीने रोज मोजला नाही. ते काम कारकुनावर सोडलेले होते.

मेणवलीच्या वाड्यात तर एकाच छपराखाली चित्रेही होती आणि नानांचे दफ्तरही होते. मेणवली दफ्तर म्हणून ते कागद इतिहासकारांत प्रसिद्ध आहेत. त्या कागदांवरून तहाची कलमे, फौजेचे आकडे, मुत्सद्द्यांचे मनसुबे यांचा बारीक अभ्यास झाला. ते कामही मोठेच होते. पण ज्या भिंतींच्या आत ते कागद सुरक्षित राहिले त्या भिंती रंगवणाऱ्यांची चौकशी त्या मानाने फारच थोडी झाली. दफ्तरात आपण जे शोधतो तेच आपल्याला सापडते.

त्याच काळात एक पुणेकर मात्र नाव लावून गेला. त्याचे नाव गंगाराम तांबट. नावावरूनच कळते की तो भांडी घडवणाऱ्यांच्या जातीतला. १७९० च्या सुमारास पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता. जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार त्याच्या आश्रयाने पुण्यास आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे एकत्र चित्र त्यानेच काढले. पुण्यात चित्रकलेचे शिक्षण देण्याची सोय झाली, तीत गंगाराम पुढे आला. त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली; पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचेही चित्र काढले. ती चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. गंगाराम राघोहून थोर होता म्हणून त्याचे नाव राहिले काय? तसे म्हणण्यास आधार नाही. गंगारामचे काम कागदावर होते आणि ज्यांच्यासाठी तो काम करी त्यांना चित्राखाली चित्रकाराचे नाव लिहिण्याची सवय होती. नाव टिकण्याला एवढेच कारण पुरले.

अजिंठ्याच्या संदर्भात इटलीचे नाव पुन्हा एकदा येते, तेही सांगून टाकतो. ती लेणी निजामच्या राज्यात होती. चित्रांचे पोपडे सुटू लागले तेव्हा १९२० साली निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन जाणकारांना बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा जागच्या जागी बसवला, चित्रांचे मोठे रक्षण केले, आणि वरून लाखेचे व्हार्निश दिले. हे व्हार्निश काळाने पिवळे पडले आणि पुढे पुरातत्त्व खात्याला ते उतरवण्याचे नाजूक काम करावे लागले. अजिंठ्याच्या गिलाव्यात मातीबरोबर भाताचे तूस आहे. आपल्या राईस मिलच्या आवारात ज्याचे डोंगर पडतात तेच. लाखही आपल्या पूर्व विदर्भाच्या जंगलात पळसावर आणि कुसुमावर होते. तेव्हा गोंदियाच्या माणसाने अजिंठा पाहताना तो परक्यांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. माती, तूस, लाख, डिंक या वस्तू गोळा करणाऱ्यांच्या हातांवर ती कला उभी राहिली आहे.

नागपूरलाही हीच गोष्ट. महालात चितार ओळ आहे. भोसल्यांच्या राजधानीत चितारी एवढे होते की त्यांच्या नावाने एक वस्ती ओळखली गेली. भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले. लाकडी नक्षीने मढवलेला त्यांचा राजवाडा १८६४ साली जळाला. आश्रय गेला, वाडा गेला, पण ओळ राहिली. गणपती आणि देवी घडवण्याचे काम तेथे चालत आले. एका चिताऱ्याला जे जमत नाही ते एका वस्तीला जमते : धनी बुडाला तरी धंदा आणि धंद्याचे नाव टिकवून धरणे.

आपल्या जिल्ह्यात मोठे रंगमहाल नाहीत, म्हणून आपल्याकडे भिंत रंगवणारे नव्हते असे समजू नये. छुई मातीने भिंत पोतावी, गेरूने पट्टा ओढावा, लग्नघरच्या दर्शनी भिंतीवर हत्ती, कलश, मोर काढावे, हे काम आपल्या गावोगावी होत आले. झाडीपट्टीतील नाटकांचे पडदे रंगवणारे पेंटर आपल्यातच होऊन गेले आणि आहेत. राजवाडा, जंगल, रस्ता असे पडदे रात्रभर हजारो लोक पाहतात. नटाचे नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते. पडदा रंगवणाऱ्याचे नाव असलेच तर खालच्या कोपऱ्यात बोटभर. पडदा फाटला की तेही गेले.

नाव वहीत असणे ही मानापुरती गोष्ट नव्हे, हे बिडीच्या धंद्यात मी पाहिले. बाई घरी बसून तेंदूची पाने कापते, जर्दा भरते, धागा बांधते, हजार पुरे करते. आणि सट्टेदाराच्या वहीत नाव तिच्या नवऱ्याचे, नाहीतर शेजारणीचे. १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा झाला. १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. पण तिच्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा, तिच्या दवाखान्याचा, तिच्या भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न निघाला की पहिला सवाल एकच असे : तू बिडी कामगार आहेस याला पुरावा काय? बोटांना तंबाखूचा वास येतो, हा पुरावा कचेरीत चालत नाही. राघोनेही वाडा रंगवला होता. त्याचा पुरावा १८२८ च्या आगीत गेला. त्याच्या नावाचा एक शब्द कोणीतरी लिहून ठेवला म्हणून आज आपण त्याच्याविषयी बोलू तरी शकतो.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, मोडी शिकणाऱ्या तरुणांना. मोडी वाचता येणारे फार थोडे उरले आहेत. जे शिकतात त्यांनी तह आणि लढाया यांबरोबरच इमारतींचे खर्च, कारखान्यांच्या याद्या, बक्षिसांचे आणि रोजमुऱ्याचे कागद वाचावेत. चुना किती खंडी आला हे जेथे लिहिले आहे, तेथेच तो कोणी लावला हेही लिहिलेले असण्याचा संभव अधिक.

दुसरी विनंती येथे बसलेल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, या आठही तालुक्यांत पाट्या रंगवणारे, पडदे रंगवणारे, मूर्ती करणारे, लग्नाच्या भिंती रंगवणारे म्हातारे कारागीर आहेत. एक साधी वही घ्यावी. तीत नाव, गाव, आईबापांचे नाव, कोणाकडे शिकला, रंग कशाचे करीत असे, कोणते काम केले आणि त्याची मजुरी किती मिळाली, एवढे लिहावे. भिंती रंगवणाऱ्या बायांची नावेही लिहावीत; त्यांना कोणी चितारी म्हणत नाही, म्हणून त्या आधीच वगळल्या जातात. मजुरीचा रकाना मुळीच सोडू नये. वही भरली की तिची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. याला अनुदान लागत नाही, पदवी लागत नाही.

वासारी हा भिंती रंगवणारा होता आणि त्याने भिंती रंगवणाऱ्यांविषयी लिहिले, हे मी आपल्याला सांगितलेच आहे. आपल्या कारागिरांविषयीही त्यांच्यातीलच कोणी लिहील, अशी मला आशा आहे. तोपर्यंत हे काम आपण करावयाचे आहे.